दोन परंपरा अभ्यासताना
अंतःकरणाच्या परिवर्तनाविषयी ख्रिस्ती आणि बौद्ध विचार एकत्र अभ्यासण्याची तुमची इच्छा मोलाची आहे; मात्र ‘शेवटी सगळे एकच’ असा निष्कर्ष आरंभीच काढू नका, कारण त्याने दोन्ही परंपरांवर अन्याय होतो. संत पौल बायबलमधील रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात मनाच्या नवीकरणाने रूपांतर होऊ द्या, असे सांगतो, आणि ते नवीकरण ख्रिस्ती श्रद्धेनुसार देवाच्या कृपेने घडते. मनुष्य त्याला प्रतिसाद देतो. बुद्धांच्या शिकवणीत निर्मात्या ईश्वराची कृपा हा आधारच नाही. तिथे शील (सदाचार), समाधी (चित्ताची एकाग्रता) आणि प्रज्ञा (यथार्थ जाण) यांच्या अभ्यासाने तृष्णा क्षीण होते.

एक साधा प्रसंग घ्या. कोणी चारचौघांत अपमान केला आणि राग उसळला, तर सतिपट्ठान सुत्तानुसार, म्हणजे सजगतेच्या साधनेवरील बुद्धांच्या प्रवचनानुसार, साधना करणारा ‘हे द्वेषयुक्त चित्त आहे’ असे जाणतो आणि त्याचा उदय-व्यय, म्हणजे उठणे आणि विरणे, पाहत राहतो. ख्रिस्ती साधक तोच राग देवापुढे उघड करतो, आणि अपमान करणाऱ्यासाठी प्रार्थना करतो, जी मला व्यक्तिशः अधिक कठीण वाटते. दोघांचेही वर्तन पुढे सौम्य होईल, पण आत घडलेली प्रक्रिया वेगळी असते, आणि तुमचा खरा अभ्यास तिथेच आहे.

म्हणून प्रथम एकाच परंपरेत, जाणत्या मार्गदर्शकासोबत, स्थिर व्हा. ट्रॅपिस्ट या कॅथलिक मठसंघातील संन्यासी थॉमस मर्टन 1968 साली धरमशाला येथे दलाई लामांना भेटले, तेव्हा त्यांच्यामागे मठातील अनेक वर्षांची प्रार्थना होती.