आडबाजूची नदीकाठची गावे: शोधायची कशी आणि पाहायचे काय

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. नदीकाठच्या प्रसिद्ध शहरांतील गर्दीला कंटाळलेल्या माणसाने फारसे कोणी न जाणारी लहान गावे शोधायची कशी, तिथले एखादे देऊळ किंवा चर्च आणि पूल पाहून झाल्यावर पाहण्यासारखे उरते तरी काय, आणि अशा गावाला एक दिवस पुरतो की मुक्काम करावा. पहिल्या दोन प्रश्नांना मी एकच उत्तर देईन: नदीने त्या गावात कोणता धंदा आणला आणि तो पुढे कशामुळे बसला, हे जाण्यापूर्वी शोधून काढावे. एवढे कळले की गाव कुठे असेल याचा अंदाज नकाशावरूनही बांधता येतो आणि तिथे गेल्यावर नजर कुठे टाकायची हेही आपोआप ठरते.

नदीकाठी गाव वसते ते बहुधा चार-पाच कारणांपैकी एखाद्या कारणाने. कुठे नदीला उतार असतो, म्हणजे पाणी उथळ असल्यामुळे माणसे आणि जनावरे चालत पलीकडे जाऊ शकतात. कुठे पात्र अरुंद आणि काठ खडकाळ असल्यामुळे पूल बांधणे सोपे जाते. कुठे दोन नद्यांचा संगम असतो. तर कुठे पुढे पाणी कमी किंवा खडकाळ असल्याने मोठ्या नावांना थांबावेच लागते, आणि माल उतरवून तो लहान नावांत किंवा गाड्यांत भरावा लागतो. या शेवटच्या प्रकारच्या गावांकडे माझा ओढा अधिक आहे, कारण माल जिथे थांबतो तिथे वखारी, हमाल, सावकार, जकातदार आणि उतारूंसाठी मुक्कामाच्या जागा हे सगळे ओघानेच येते. जर्मनीतील हान म्युंडेन या लहान गावी वेरा आणि फुल्डा या नद्या मिळून वेझर नदी होते. या गावाला तेराव्या शतकातच असा हक्क मिळाला होता की, नदीने जाणाऱ्या व्यापाऱ्याने आपला माल इथे उतरवून गावकऱ्यांपुढे विक्रीला ठेवलाच पाहिजे. हा हक्क एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकला. आज तिथे लाकडी सांगाड्याची सुमारे सातशे जुनी घरे उभी दिसतात, त्यांच्यामागे हीच सक्तीची कमाई आहे.

आता धंदा बसण्याकडे वळू, कारण गाव आडबाजूला पडते ते तिथेच, आणि टिकतेही बहुतेक वेळा त्यामुळेच. ज्या गावाचा व्यापार वाढतच राहिला, त्याने जुनी वखार पाडून नवी बांधली आणि अरुंद रस्ता रुंद केला. ज्याचा व्यापार अचानक थांबला, त्याच्याकडे पाडायलाही पैसे उरले नाहीत. कोलंबियातील माग्दालेना नदीवरचे मोम्पोस हे याचे ठळक उदाहरण आहे. १५४० मध्ये वसलेले हे गाव वसाहतकाळात किनारा आणि देशाचा अंतर्भाग यांच्यामधील मोठे बंदर होते. एकोणिसाव्या शतकात नदीचा मुख्य प्रवाह हळूहळू दुसऱ्या फाट्याकडे सरकला, मोम्पोससमोरचे पात्र गाळाने भरत गेले आणि मोठ्या नावा दुसऱ्या वाटेने जाऊ लागल्या. १९९५ मध्ये युनेस्कोने या गावाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा वसाहतकालीन वस्ती जवळपास जशीच्या तशी होती. स्पॅनिश वसाहतींतील गावांत सहसा मध्यभागी एक मोठा चौक असतो. इथे मात्र नदीला समांतर ओळीने तीन चौक आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचे चर्च आहे.

धंदा बसण्याची कारणे नेहमी नदीचीच असतात असे नाही. इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीवरच्या ब्यूडलीच्या धक्क्यावर एके काळी मोठी वर्दळ असे. पण १७७२ मध्ये खुला झालेला कालवा ब्यूडलीला न येता काही किलोमीटर खाली सेव्हर्नला मिळाला, तिथे स्टोरपोर्ट हे नवे गाव उभे राहिले आणि ब्यूडलीचा माल तिकडे वळला. थॉमस टेलफर्ड या अभियंत्याने बांधलेला १७९८ चा सुंदर दगडी पूल आणि धक्क्यावरची अठराव्या शतकातील घरांची रांग तेवढी मागे राहिली. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातले गलीना शिशाच्या खाणींवर आणि मिसिसिपीतून वर येणाऱ्या आगबोटींवर श्रीमंत झाले. मग गाळाने तिथली लहान नदी भरत गेली, रेल्वेने वाहतूक ओढून घेतली आणि विटांच्या इमारतींचा मुख्य रस्ता तसाच राहून गेला.

शोधण्याची पद्धत यातूनच निघते. एखादी मध्यम आकाराची नदी घ्यावी, एक जुना आणि एक आजचा नकाशा शेजारी ठेवावा आणि जुन्या नकाशावर ठळक अक्षरांत असलेले पण आजच्या नकाशावर बारीक अक्षरांत गेलेले गाव हेरावे. रेल्वे कोणत्या तीरावरून गेली ते पाहावे. विरुद्ध तीरावरची गावे बहुधा मागे पडलेली असतात. मुख्य पात्र सोडून उरलेल्या जुन्या फाट्यावर एखादे गाव आहे का, हेही तपासावे. याहून सोपा मार्ग म्हणजे प्रसिद्ध गावाच्या समोरचा तीर. ऑस्ट्रियातील डॅन्यूबच्या वाखाऊ खोऱ्यात सगळी गर्दी ड्यूर्नस्टाइन या किल्ल्याच्या गावी लोटते, आणि तो किल्ला व ते गाव सर्वांत चांगले दिसते ते मात्र समोरच्या रोसात्झच्या काठावरून. पश्चिम बंगालमध्ये नवद्वीप आणि मायापूर या तीर्थक्षेत्रांकडे जाणारे हजारो लोक भागीरथीकाठच्या कालना गावाजवळून पुढे निघून जातात. १८०९ मध्ये बांधलेली, दोन वर्तुळांत मांडलेली तिथली १०८ शिवमंदिरे पाहायला त्यांतले थोडेच उतरतात. अर्थात, दुर्लक्षित गाव म्हणजे सुंदर गाव असे समीकरण मांडू नये. काही गावांकडे लोकांनी पाठ फिरवली आहे ती अगदी योग्य कारणाने, आणि तिथे अर्ध्या तासात कंटाळा आला तर तो आपल्या रसिकतेचा दोष समजू नये.

गावात पोहोचल्यावर आधी मुख्य रस्त्याला न लागता पलीकडच्या तीरावर जावे. या गावांचा दर्शनी भाग नदीकडे असतो, कारण येणारा पाहुणा आणि ग्राहक पाण्यावरून येत असे. आज आपण येतो तो बसथांब्याकडून, म्हणजे परसदारातून. पूल असेल तर पुलाने जावे, पण ‘तर’, म्हणजे उतारूंना पलीकडे नेणारी नाव, चालू असेल तर तिनेच जाणे अधिक चांगले. मघाशी उल्लेखिलेल्या वाखाऊतच श्पिट्झ येथे इंजिनाशिवाय चालणारी तर आहे. नदीवर उंच ताणलेल्या पोलादी दोरावर कप्पी फिरते, कप्पीला नाव जोडलेली असते, आणि नावाडी सुकाणू वळवून नावेला प्रवाहाशी तिरपी धरतो, एवढ्यावर वाहते पाणीच तिला पलीकडे ढकलत नेते. परत येताना कोन उलटा धरायचा. दोर गच्च ताणला गेल्याचा आवाज आणि मग काहीही न धडधडता सरकू लागलेली नाव, हे एकदा अनुभवले की प्रवाहाकडे पाहण्याची आपली नजर बदलते.

पैलतीरावरून गाव नदीच्या वळणावर कुठे बसले आहे ते पाहावे. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी वेगाने काठ कापते आणि खोल राहते, म्हणून धक्का बहुधा तिथे सापडतो. आतल्या बाजूला वाळू आणि मळई साठते, म्हणून तिथे शेते, बागा आणि गुरे पाणी पितात ती उतरण असते. मग गावात परत येऊन धक्क्यावरच्या इमारती एकेक करून बघाव्यात. तळमजल्याला जाड दगडी भिंती आणि लहान खिडक्या, वरच्या मजल्यावर भिंतीच्या मध्यभागी मोठे दार, आणि त्या दाराच्या वर बाहेर आलेली तुळई दिसली, तर ती वखार होती असे खुशाल समजावे. त्या तुळईला कप्पी लावून माल वर ओढत असत. धक्क्याच्या दगडांत बसवलेल्या लोखंडी कड्या वेगवेगळ्या उंचीवर का आहेत, तर पाण्याची पातळी ऋतूप्रमाणे बदलते म्हणून. जिथे नावा काठावरून दोराने ओढून नेत, तिथे जुन्या पुलाच्या कमानीची आतली कड हाताने चाचपून पाहावी: ओल्या, वाळूने माखलेल्या दोरांनी दगडात पाडलेल्या गुळगुळीत खाचा लागतात, काही तर बोट मावेल इतक्या खोल. खाचा ज्या बाजूला असतील, त्याच बाजूने नाव ओढणाऱ्या माणसांची किंवा घोड्यांची वाट जात होती.

पुराच्या खुणांना मात्र सावकाश वेळ द्यावा. दाराच्या चौकटीवर, चर्चच्या किंवा नगरभवनाच्या भिंतीवर आडवी रेघ आणि तिच्याशेजारी वर्ष कोरलेले असते. जर्मनीतील पासाऊ हे काही लहान गाव नव्हे, परंतु त्याच्या नगरभवनावरच्या खुणा नमुना म्हणून पाहाव्यात: २०१३ चा पूर १५०१ नंतरचा सर्वांत मोठा ठरला, आणि भिंतीसमोर उभे राहिले की त्या रेघा आपल्या डोक्याच्या किती वर आहेत हे मान उंचावल्यावरच कळते. लहान गावात अशी एखादी रेघ सापडली की त्याच उंचीवर नजर ठेवून रस्त्याने चालत जावे. पायऱ्यांची संख्या कुठे वाढते, जोती कुठे उंच होतात आणि श्रीमंतांची घरे कुठून सुरू होतात, हे त्या रेघेला धरूनच ठरलेले आढळते. पुराशी जुळवून घेण्याची रीत कधी इमारतीच्या आकारातच उतरते. कृष्णाकाठी वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत मत्स्याकार, निमुळती बांधली आहे, ती पुराचे पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावे म्हणून. समोरून दर्शन घेऊन परतणाऱ्याला ती दिसतही नाही.

अलीकडे नदी आणि गाव यांची फारकत करणाऱ्या दोन गोष्टी बोकाळल्या आहेत आणि त्यांचा अंदाज आधीच घ्यावा. एक म्हणजे काठावरून नेलेला वळणरस्ता किंवा एकाच साच्यातले कठडे, दिवे आणि फरशा घालून केलेले सुशोभीकरण, ज्यात कड्या आणि खाचा असलेले जुने दगड पहिल्यांदा उखडले जातात. उपग्रहचित्रावर काठालगत जाड करडी पट्टी दिसली तर मी ते गाव यादीतून काढतो. दुसरी म्हणजे वरच्या अंगाला असलेले धरण. पैठणला गोदावरीवर जायकवाडीचे धरण गावाच्या अगदी वर आहे, त्यामुळे घाटासमोर पाणी किती असेल हे आता दरवाजांतून किती विसर्ग होतो यावर अवलंबून असते. अशा गावी जाण्यापूर्वी विसर्गाची बातमी पाहावी, भोंगा वाजला तर पात्रातून ताबडतोब बाहेर यावे आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवर फोटोसाठी उतरू नये.

मुक्कामाबद्दल सांगायचे तर एक रात्र राहावेच. दिवसा काठावरच्या इमारतींवर ऊन एकाच बाजूने येते, त्यामुळे दोन्ही तीर नीट पाहायला सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन्ही वेळा लागतात, आणि दिवसभरासाठी आलेले लोक परतल्यावर तरीवर, धक्क्यावर बोलायला माणसे मोकळी असतात. त्यांना इतिहास विचारू नये, शेवटचा मोठा पूर कुठवर आला होता ते विचारावे. पुढचे ते स्वतःच दाखवत नेतात. फक्त पलीकडच्या तीरावर खोली घेतली असेल, तर शेवटची तर किती वाजता सुटते आणि पाणी वाढल्यास ती बंद असते का, हे पोहोचल्याबरोबर विचारून घ्यावे.