चहा प्यायल्याने मूड खरंच सुधारतो का?

हो, पण तात्पुरता. मेंदूला थकवा जाणवून देणाऱ्या अ‍ॅडेनोसिनला चहातलं कॅफिन अडवतं आणि मरगळ जाते. त्याचा पूर्ण असर व्हायला मात्र अर्धाएक तास लागतो. मग टपरीवर कटिंगच्या पहिल्याच घोटाला तरतरी कशी येते? गरम घोट, आल्याचा वास, साखर आणि मुख्य म्हणजे कामातून उठून चार जणांत उभं राहणं. (माझ्या मते निम्मं श्रेय गप्पांचंच.) रोज पिणाऱ्यांचं गणित जरा वेगळं. वेळेवर चहा मिळाला नाही की त्यांचं डोकं ठणकतं, म्हणजे कप हातात आल्यावर वाटणारं बरं हे बरंचसं तलफ भागल्याचं असतं. रात्री उशिरा टाळा, कारण निम्मं कॅफिन उतरायलाच साधारण ५ तास लागतात. उदासी २ आठवडे हटत नसेल, तर चहावर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा.