सर्टिफिकेट दुकानात, मुलगा वर्गात

पत्र : "माझ्या मुलाचं डी.फार्म. झालं, फार्मासिस्ट म्हणून नोंदणी झाली आणि बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशही मिळाला. फीला हातभार म्हणून ओळखीच्या एका मेडिकलमध्ये त्याने आपलं फार्मासिस्टचं सर्टिफिकेट लावलं, म्हणजे कागदोपत्री तिथला फार्मासिस्ट तोच. महिन्याला पाच हजार मिळायचे, दुकानात बसायची गरज नाही. याला सात महिने झाले. मागच्या आठवड्यात तपासणी झाली, तेव्हा दुकानात फार्मासिस्ट नव्हता. आता मालकांना शोकॉज नोटीस आली आहे. ते म्हणतात, मागच्या तारखेचा रजेचा अर्ज दे, आजारी होतो म्हण, मिटून जाईल. सगळीकडे असंच चालतं. मुलाला पुढे ड्रग इन्स्पेक्टर व्हायचं आहे. त्याने काय करावं? त्याचं करिअर संपलं का?" – एक आई

ताई, करिअर संपलेलं नाही. पण त्या रजेच्या अर्जावर सही केली, तर काय होईल ते सांगता येत नाही. म्हणून पहिलं काम हेच, की ती सही करू नका.

कारण अगदी साधं आहे. सात महिने तुमचा मुलगा कॉलेजात होता. प्रॅक्टिकलला हजर होता, सेशनल परीक्षा दिल्या, हजेरीपटावर त्याची रोजची नोंद आहे. तपासणीच्या दिवशी तो आजारी होता असं कागदावर लिहायचं आणि त्याच दिवशी कॉलेजच्या हजेरीत तो 'उपस्थित' निघायचा! चौकशी करणाऱ्याला यासाठी फार डोकं लावावं लागत नाही. आणि तो एक दिवस जुळवलाच, तरी बाकीच्या दोनशे दिवसांचं काय? त्या सगळ्या दिवसांची बिलं त्याच्या नावावर फाटली आहेत. आज त्याच्याकडून नियमभंग झाला आहे. मागच्या तारखेचा कागद दिला की त्यात बनावटपणाही येईल, आणि तो 'लहान होता, कळलं नाही' म्हणून झाकता येत नाही.

मालक अशा थाटात बोलताहेत, की दोघं एकाच नावेत आहेत. तसं नाही. इथे दोन वेगळ्या फायली आहेत, हे नीट समजून घ्या.

पहिली फाईल दुकानाची. औषध नियम, १९४५ मधल्या नियम ६५ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यायचं असतं. ते मोडलं तर अन्न व औषध प्रशासन नियम ६६ खाली परवाना काही दिवसांसाठी निलंबित करतं किंवा रद्द करतं. त्यावर मालकाला राज्य सरकारकडे अपील करता येतं. बऱ्याचदा दुकान काही दिवस बंद राहतं आणि मग दुसऱ्या कुणाचं तरी सर्टिफिकेट लावून शटर वर जातं.

दुसरी फाईल तुमच्या मुलाची. प्रशासनाने महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेला, म्हणजे फार्मासिस्टांची नोंदवही ठेवणाऱ्या संस्थेला कळवलं, किंवा कुणी तक्रार केली, तर ती उघडते. फार्मसी कायदा, १९४८ च्या कलम ३६ खाली परिषदेची कार्यकारी समिती फार्मासिस्टचं नाव नोंदवहीतून काढू शकते. कारणं तीन : नोंदणीच चुकीने किंवा माहिती लपवून झालेली असणं; गुन्ह्यात शिक्षा होणं किंवा व्यवसायाला लांछन आणणारं वर्तन; आणि तिसरं, जे विद्यार्थ्यांना कुणी समजावून सांगत नाही, ते म्हणजे त्याच्या हाताखाली काम करणाऱ्याने असं काही करणं.

हे तिसरं पुन्हा वाचा. समजा, काउंटरवरच्या मुलाने कुणाला चिठ्ठीशिवाय अल्प्राझोलमच्या, म्हणजे चिंता कमी करणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळ्या दिल्या. हे औषध शेड्यूल एच वनमधलं, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या जास्त कडक यादीतलं. २०१४ पासून अशा औषधांसाठी वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं : डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, औषध, संख्या. ते तीन वर्षं जपायचं असतं. तुमच्या मुलाने ते रजिस्टर एकदा तरी उघडून पाहिलं आहे का? काउंटरवर कोण उभं असतं, हे तरी त्याला ठाऊक आहे का? कागदोपत्री तो मुलगा तुमच्या मुलाच्या देखरेखीखाली काम करतोय. 'मी फक्त सर्टिफिकेट दिलं होतं' हा बचाव तर नाहीच, उलट ती दोषाची कबुली आहे. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ मध्ये हजर न राहता दुकानात आपलं सर्टिफिकेट लावू देणं हेच गैरवर्तन म्हणून सांगितलं आहे.

आता धीराची गोष्ट. नाव एका रात्रीत जात नाही. आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. समितीच्या आदेशाला परिषदेची मान्यता लागते, आणि मान्यतेनंतर तीन महिने उलटल्याशिवाय तो लागू होत नाही. ही मान्यता कळल्यापासून तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. नाव काढलंच, तर ते ठरावीक वर्षांपुरतं असू शकतं किंवा कायमचं, आणि कलम ३७ खाली परिषद ते पुन्हा घालूही शकते. पण काढलेलं नाव राजपत्रात छापलं जातं, हेही खरं. प्रत्येक प्रकरण त्या टोकाला जातं असं मुळीच नाही. स्वतःहून बाहेर पडलेला मुलगा आणि खोटा अर्ज देताना सापडलेला मुलगा यांच्याकडे चौकशी करणारे एकाच नजरेने पाहतील, असं मला वाटत नाही.

म्हणून या आठवड्यात त्याने आजच्याच तारखेचं राजीनाम्याचं पत्र द्यावं. दोन ओळींचं, कारणांचा पाढा नको. मालकाकडून पोच घ्यावी आणि त्याची प्रत जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, औषधे यांच्या कार्यालयात देऊन तिथलाही शिक्का घ्यावा. फार्मासिस्ट बदलला की महिन्याभरात कळवणं हे परवानाधारकाचं काम आहे, पण त्यावर विसंबू नका. मागच्या सात महिन्यांबद्दल कुठेही काही लेखी देण्याआधी वकिलाला भेटा. त्यांना सगळं सांगा : खात्यावर आलेले पैसे, आणि कोऱ्या बिलबुकांवर सह्या करून ठेवल्या असतील तर त्याही. अशा सह्या असल्याच, तर ती पुस्तकं परत मागा आणि दिली नाहीत तर तेही पत्रात लिहा. परिषदेचं पत्र आलं, तर तारखेला हजर राहायचं. न जाणं ही सर्वांत वाईट चाल.

'सगळीकडे असंच चालतं' हे पूर्ण खोटं नाही, म्हणून तर ते इतकं चिकट आहे. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना राज्यात फार्मासिस्टच्या हजेरीवरून मोठी मोहीम झाली, औषधविक्रेत्यांनी विरोधही जोरात केला. प्रकार थांबला नाही. पण पाच हजारांत नाव विकत मिळतं, तोवर त्या दुकानाला पूर्ण पगार देऊन माणूस बसवायची गरज काय? पुढे बी.फार्म. होऊन नोकरी मागायला जाणाऱ्या तुमच्याच मुलाचा पगार अशा भाड्याच्या सर्टिफिकेटांनी पाडलेला असतो. मला हे नेहमी चमत्कारिक वाटतं, की याबद्दल सर्वांत कमी चिडतात ते फार्मसीचे विद्यार्थीच.

आता थोडं तुझ्याशी बोलते. तुला ड्रग इन्स्पेक्टर व्हायचं आहे. त्या पदाला फार्मसीची पदवी लागते, एमपीएससीची परीक्षा लागते, आणि रुजू होताना चारित्र्य पडताळणी होते. त्या वेळी कुणी याबद्दल विचारलं, तर खरं उत्तर देता यावं, इतकीच तयारी आत्ता करून ठेव. फीचा प्रश्न खरा आहे, तो मी उडवून लावत नाही. कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी उघडं असणारं मेडिकल शोध, जिथे त्या वेळेपुरता दुसरा फार्मासिस्ट लागतो. नेमणूक त्याच वेळेची असू दे आणि ती प्रशासनाच्या नोंदीत घालून घे. पैसे कदाचित तेवढेच मिळतील, पाय दुखतील. पण एच वनचं रजिस्टर भरायला शिकशील, डॉक्टरांचं अक्षर लावायला शिकशील.

आणि राजीनामा द्यायला जाशील तेव्हा भिंतीवरचं सर्टिफिकेट मागून घे. फ्रेम मालकाची असेल तर ती तिथेच राहू दे, आतला कागद तेवढा घेऊन ये.