कुत्रा गेला, शब्द राहिला

प्रश्न : इंग्रजीत गुप्तहेराला ‘स्लूथ’ म्हणतात. हे मूळचे स्कॉटलंडमधील एका कुत्र्याचे नाव आहे, असे ऐकले. ते खरे आहे काय आणि तो कुत्रा आता कोठे आढळतो?

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. जुन्या नॉर्स भाषेतील ‘स्लोद’ म्हणजे माग; त्यावरून माग काढणाऱ्या कुत्र्याला स्कॉटलंडमध्ये ‘स्लूथ हाउंड’ म्हणू लागले. हा शब्द गुप्तहेराला चिकटला तो पुढे, एकोणिसाव्या शतकात, अमेरिकेत.

जॉन बार्बर या कवीने 1375च्या सुमारास रचलेल्या ‘द ब्रूस’ या दीर्घकाव्यात हा कुत्रा आपल्याला भेटतो. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याने पूर्वी स्वतःच पाळलेला कुत्रा शत्रूने त्याच्या मागावर सोडला, तेव्हा ब्रूस ओढ्यात उतरून पाण्यातून चालत गेला आणि कुत्रा काठावरच घोटाळत राहिला, असे बार्बर सांगतो. (कुत्र्याला बाणाने मारले, अशी दुसरी कथाही तो नोंदवतो. ओढ्याची कथा रचलेली असली, तरी शास्त्राला धरून आहे.) माणसाच्या अंगावरून सतत गळणारे त्वचेचे सूक्ष्म कण गवतावर आणि मातीवर रेंगाळतात, वाहते पाणी मात्र ते सोबत घेऊन जाते.

या कुत्र्याचे खरे कार्यक्षेत्र म्हणजे इंग्लंड व स्कॉटलंडची सरहद्द, जिथे गुरे पळवणे हा पिढीजात धंदाच होता. चोरी होताच भाल्याच्या टोकाला पीटचे (दलदलीतील, इंधन म्हणून जाळल्या जाणाऱ्या मातीचे) जळते ढेकूळ लावून, शिंग फुंकत आणि कुत्र्याला पुढे घालून चोरांचा पाठलाग करण्याचा हक्क सरहद्दीच्या कायद्याने दिला होता. माग काढणाऱ्या कुत्र्याला वाटेत अडवण्यास स्कॉटलंडच्या जुन्या कायद्यात मनाई होती.

1603मध्ये इंग्लंड व स्कॉटलंडचे मुकुट एकाच राजाकडे आले. तरीही गुरेचोरी लगेच थांबली नाही; 1616मध्ये इंग्लंडच्या बाजूला, कंबरलँडमध्ये, रहिवाशांच्या खर्चाने असे कुत्रे ठेवण्याचा हुकूम निघाला होता. पुढे गुरेचोरी मोडली आणि कुत्र्याचे कामही संपले.

ती जात नामशेष झाली असे म्हणतात, पण हा शब्द जपून घ्यावा. त्या काळी कुत्र्याचे नाव त्याच्या कामावरून पडे, वंशावळ नोंदवण्याची पद्धत नव्हती. जॉन कीझ या इंग्रज वैद्याने 1570मध्ये कुत्र्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात सरहद्दीवरील हे कुत्रे ब्लडहाउंड या वासावरून माग काढणाऱ्या कुत्र्याच्याच वर्णनात येतात. त्यामुळे आजच्या ब्लडहाउंडमध्ये त्यांचे रक्त असावे, असे मानण्यास जागा आहे; मात्र त्या नावाचा कुत्रा आज आपल्याला कोठेही पाहावयास मिळणार नाही.