बिल्डर म्हणतो, ‘खिशातून फक्त ५१ हजार’

प्रश्न : आम्ही सातपूरला भाड्याने राहतो. मी अंबडच्या एका कंपनीत सात वर्षं आहे, हातात ३८ हजार येतात. बायको पतसंस्थेत आहे, तिला १६ हजार. पाथर्डी फाट्याला तयार टू बीएचके बघितलाय, ३४ लाखांचा, भोगवटा दाखला मिळालेला. शिल्लक ५ लाख आहे, पीएफमधून २ लाख निघतील. निफाडचे सासरे द्राक्षाचे पैसे आले की ४ लाख देतो म्हणतात. बिल्डरचा माणूस म्हणतो, ५१ हजार टोकन द्या, ३४ लाखांचं कर्ज मी करून देतो. मित्र म्हणतो, पीएफला हात लावू नको, पर्सनल लोन काढ. कमीत कमी पैसे घालून घर कसं घ्यावं? — एक वाचक, सातपूर

उत्तर : आधी ५१ हजारांचं बघू, कारण तुमचा जीव तिथेच अडकलेला दिसतोय. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. ३० लाखांच्या वर गेलं की ८० टक्केच. ३४ लाखांचे ८० टक्के २७ लाख २० हजारच होतात, म्हणजे तुमच्या घराला सरळ मार्गाने ३० लाखांच्या वर कर्ज बसतच नाही. मग हा माणूस ३४ लाख कुठून आणणार? करारनामा साडेबेचाळीस लाखांचा करून. त्याचे ८० टक्के म्हणजे बरोबर ३४ लाख. मधले साडेआठ लाख तुम्ही आधीच भरलेत, अशी पावती तो फाडून देईल.

कर्ज विभागात नोकरी केल्यामुळे अशा पावत्या मी पुष्कळ बघितल्यात. खाली सही कर्जदाराची असते, बिल्डरच्या माणसाची नाही. खोट्या कागदांची विचारणा झाली की उत्तर तुम्हीच द्यायचं. शिवाय मुद्रांक शुल्क फुगवलेल्या रकमेवर. महापालिका हद्दीत ६ टक्के धरा : ३४ लाखांवर २ लाख ४ हजार, साडेबेचाळीसवर २ लाख ५५ हजार. ‘फक्त ५१ हजार’ म्हणणाऱ्याने नुसत्या शुल्कातच आणखी ५१ हजार वाढवून ठेवले, गंमत बघा! शिवाय बँक करारातली किंमत आणि व्हॅल्युअरने, म्हणजे बँकेसाठी घराची किंमत ठरवणाऱ्याने, काढलेली किंमत यांतली कमी असेल ती धरते. व्हॅल्युअरने ३४ च लिहिले की सगळंच फिसकटलं, मग टोकन परत मिळवायला चपला झिजवा. आणि समजा जमलंच, तर ८ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी हप्ता २८,४०० च्या पुढे. तुमच्या दोघांच्या ५४ हजारांतला निम्म्याहून जास्त. हा विषय इथेच सोडा.

आता खरी तुलना दोन वाटांची आहे.

पहिली वाट, ३० लाखांचं कर्ज. पदरचे ४ लाख. पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी बँक घराच्या किमतीत धरत नाही, ते खिशातूनच. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. हे सगळं मिळून ६ लाख ३४ हजार. घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलंत तर शुल्कात १ टक्का सवलत आहे, ३४ हजार वाचतात आणि आकडा ६ लाखांवर येतो. तुम्ही सहकर्जदार राहालच, उत्पन्न दोघांचं धरलं जाईल. (पुरुषाचं नाव कागदांवर नसलं तर घर चालत नाही, असं काही नाही.) शिल्लक आणि पीएफ मिळून ७ लाख होतात, म्हणजे सासऱ्यांना न विचारता भागतं. हप्ता साधारण २५,१००.

दुसरी वाट प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० ची. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांच्या आत, घर ३५ लाखांच्या आत आणि कर्ज २५ लाखांच्या आत असेल, तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याजसवलत मिळते, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. ती पाच वार्षिक हप्त्यांत मिळते, म्हणजे आज डाउन पेमेंटला तिचा उपयोग शून्य. ३० लाखांचं कर्ज घेतलंत की ही सवलत गेली, नंतर पैसे भरून कर्ज खाली आणलं तरी ती परत येत नाही. देशात कुठेही तुमच्या दोघांपैकी कुणाच्याही नावावर पक्कं घर नसावं लागतं. गावच्या घराच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीत, तुमचं नाव लागलेलं नाही ना, ते आधी ग्रामपंचायतीत बघून या. कर्ज देणारी संस्था या योजनेत आहे का, तेही अर्जाआधी विचारा.

इथे हप्ता २०,९०० च्या आसपास. पण घर बायकोच्या नावावर धरूनही पदरचे ९ लाख, शुल्क १ लाख ७० हजार, नोंदणी ३० हजार : बरोबर ११ लाख. तुमची शिल्लक, पीएफ आणि सासऱ्यांचे ४ लाख मिळूनही तेवढेच होतात. बँकेची प्रोसेसिंग फी, सोसायटीचा आगाऊ मेन्टेनन्स, घरात पंखे लावायचे, हे कशातून? म्हणून बिल्डरशी घासाघीस करा. किंमत ३३ लाखांवर आली तर खर्च ९ लाख ९५ हजारांवर येतो आणि लाखभर हाताशी राहतो. तेवढं जमलं तर मी दुसरी वाट धरेन. नाही जमलं तर पहिली, आणि सासऱ्यांचे पैसे अडीअडचणीला.

मित्राचा सल्ला राहू द्या. पीएफला २०२४-२५ चं व्याज ८.२५ टक्के मिळालं. ते वाचवायला तेराएक टक्क्यांनी पर्सनल लोन काढायचं, दोन लाखांना पाच वर्षं दरमहा साडेचार हजार मोजायचे आणि वर गृहकर्जाची पात्रता कमी करून घ्यायची, हा कसला हिशेब?

सासऱ्यांचं म्हणाल, तर माल बागेत असेपर्यंत ते ४ लाख धरू नका. अवकाळी आणि व्यापाऱ्याचा धनादेश, दोन्हींचा भरवसा निफाडकरांना विचारा. पैसे आले की थेट त्यांच्या लेकीच्या बँक खात्यात घ्या. वडिलांनी मुलीला दिलेल्या रकमेवर तिला कर नाही. उसने म्हणून रोख घेतले, तर २० हजारांपासून पुढे तेवढाच दंड बसू शकतो. बिल्डरला टोकन दिलंत तर द्राक्षाचे पैसे येईपर्यंत, म्हणजे एप्रिलअखेरपर्यंत, तो व्यवहारासाठी थांबेल, असं लिहून घ्या, आणि करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांच्या वर एक रुपयाही देऊ नका. रेराचा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचा, तसा नियमच आहे.