हप्ता बचतीतून निघेल का? गॅस, इंडक्शन आणि ओट्याचा दगड

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. स्वयंपाकघराचं काम काढलंय, भिंती फोडून झाल्यात, ओटा नवा होणार आहे. जुनी गॅसची शेगडी बारा वर्षांची असली तरी अजून व्यवस्थित चालते. यजमानांचं म्हणणं असं की ती काढून चार चुलींचा इंडक्शन हॉब, म्हणजे ओट्यात बसवायची विजेची शेगडी, हप्त्याने घ्यावा, गॅसचा खर्च वाचेल आणि त्यातून हप्ता निघेल. हॉब, वायरिंग आणि बसवणं मिळून जे कोटेशन आलंय ते तुमच्या पाच वर्षांच्या गॅसखर्चाएवढं आहे, हे तुम्ही स्वतःच काढून पाठवलंत, त्यामुळे माझं निम्मं काम झालं.

आधी इंधनाचा हिशोब करू. एक किलो एलपीजी जळाल्यावर साधारण 12.8 युनिट विजेइतकी उष्णता मिळते. पण ज्योत भांड्याच्या कडेने वर जाते आणि खोलीही तापवते. शेगडी आणि भांडं कसं आहे त्यावर 40 ते 60 टक्केच उष्णता पदार्थापर्यंत पोचते. इंडक्शनमध्ये काचेखालच्या कॉइलमुळे भांड्याचं बूडच तापतं, म्हणून सुमारे 85 टक्के कामी येते. दोन्हींचा मेळ घातला तर एक किलो गॅसचं काम करायला साडेसात युनिट लागतात, थोडं इकडेतिकडे. (नळाच्या गॅसला घनमीटरमागे सहा युनिट धरा.)

म्हणजे गॅसच्या एका किलोच्या दराला साडेसातने भागा. येणाऱ्या आकड्यापेक्षा तुमची वीज स्वस्त असेल तर इंडक्शन परवडतं, महाग असेल तर गॅस. इथे हमखास एक चूक होते: लोक बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट असा सरासरी दर धरतात. महिन्याला सहा किलो गॅस लागत असेल तर 45 युनिट वाढणार, आणि ती तुमच्या सध्याच्या वापराच्या वर चढणार. दर टप्प्याटप्प्याने वाढत असेल तर ही 45 युनिटं सगळ्यात महाग टप्प्यातली असतात. तोच दर धरा.

समजा, हे सगळं धरूनही वीज गॅसपेक्षा पाव हिश्श्याने स्वस्त पडली. खर्च पाच वर्षांच्या गॅसएवढा, बचत दरवर्षी पाव वर्षाच्या गॅसएवढी. पैसे वसूल व्हायला वीस वर्षं, आणि हप्त्यावरचं व्याज अजून धरलेलंच नाही. इतकी वर्षं त्यातलं इलेक्ट्रॉनिक सर्किट टिकेल यावर मी पैज लावणार नाही. हॉब आवडला म्हणून घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, पण साठवलेल्या पैशातून. ‘बचतीतून हप्ता निघेल’ हे वाक्य तेवढं काढून टाका.

कोटेशनमध्ये न दिसणारा एक खर्च मी अनुभवाने शिकलोय. पहिलं इंडक्शन आणलं त्या संध्याकाळी फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन कपाटातलं एकेक भांडं तपासत बसलो. ॲल्युमिनियमला चिकटेना, तांब्याला चिकटेना, स्टीलच्याही काही भांड्यांवरून सरळ घसरून पडलं. चुंबक चिकटत नाही ते भांडं चालत नाही, आणि गोल बुडाची कढई तर सपाट काचेवर नीट बसतच नाही. शेवटी भांड्यांचं बिल शेगडीपेक्षा मोठं झालं. तुम्हीही आजच चुंबक फिरवा. कॉइलची किंवा सिरॅमिकची साधी विजेची शेगडी बहुतेक सपाट भांडी चालवते खरी, पण ती सावकाश तापते, बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते आणि इंडक्शनपेक्षा वीज जास्त खाते. तुमच्यासाठी ती मी विचारात घेत नाही.

पैशात न बसणारी एक गोष्ट मात्र या गणिताच्या वर ठेवतो. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. घरात कुणाला दमा असेल आणि हवा बाहेर जायला नीट सोय नसेल, तर वीस वर्षांचा हिशोब बाजूला ठेवून विजेकडे वळा. पत्रात तसा उल्लेख नाही, म्हणून पुढे जातो.

माझं मत: गॅस ठेवा, जोडीला 2000 वॉटची एक सुटी इंडक्शन शेगडी रोख घ्या. 230 व्होल्टवर ती जवळजवळ 9 अँपिअर ओढते, तेव्हा मोठ्या सॉकेटलाच लावा. पाणी तापवणं, दूध, रोजचं उकडणं तिच्यावर टाका. दोन महिने मीटरचं रीडिंग आणि गॅस किती दिवस पुरला ते कॅलेंडरवर लिहा, म्हणजे वरचं साडेसात तुमच्या घरात सहा ठरतं की नऊ, ते कळेल. गॅसचा स्थिर आकार असेल तर तो कनेक्शन पूर्ण बंद केल्याशिवाय वाचत नाही. तेवढी रक्कम बचतीत धरू नका.

भिंत उघडी आहे तोवर एक खर्च जरूर करा. चार चुलींचा हॉब पूर्ण चालवला तर 7000 वॉटपर्यंत जातो, म्हणजे सुमारे 30 अँपिअर. त्याला मीटरपासून स्वतंत्र लाइन लागते. वायरमनला त्यासाठी रिकामा पाइप आत्ताच टाकून ठेवायला सांगा. पुढे कधी हॉब घेतलाच तर नव्या टाइल्स फोडाव्या लागणार नाहीत. मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने तुमच्या जोडणीला मान्य केलेली वीज, तेवढा आहे का, तेही विचारून ठेवा. ओट्याच्या दगडाला हॉबसाठी खाच मात्र आत्ता पाडू देऊ नका. प्रत्येक मॉडेलचं माप वेगळं असतं, आणि कापलेला दगड परत जोडता येत नाही.