बाहुल्या करणाऱ्या आमच्या गटात हाताने केलेल्या भेटींची देवाणघेवाण करायची आहे. पैशाची मर्यादा किती ठेवावी?

तुम्ही लिहिलंय की गटात 14 जणी आहेत, सगळ्या कापडी बाहुल्या शिवतात, यंदा दिवाळीला चिठ्ठ्या टाकून एकमेकींना भेट द्यायची आहे आणि मर्यादा 300 ची की 500 ची यावर गाडं अडलंय. मी पुण्यातल्या अशाच एका गटात सहा वर्षं आहे. माझं सरळ मत: पैशाची मर्यादा ठेवूच नका. मापाची ठेवा.

वीतभर बाहुलीला लागतं काय? थोडा मांजरपाट, दोन मुठी फायबर, स्वेटरमधून उरलेली लोकर आणि ब्लाउजपीसचा तुकडा. निम्मं तर घरातच सापडतं. पण पाच बोटांचा पंजा करायचा ठरवलात की खरा खर्च सुरू होतो. बोटांमध्ये जेमतेम दोन-तीन मिलिमीटर कापड सोडायचं, मशीनचा टाका अगदी बारीक ठेवायचा आणि बेचक्यात कात्री शिवणीच्या दोऱ्यापर्यंत न्यायची. सूतभर पुढे गेली की पंजा बाद. मग एकेका बोटात बारीक नळी सरकवायची आणि बाहेरून विणकामाच्या सुईने बोटाचा शेंडा त्या नळीत ढकलत उलटवायचा. अशी दहा बोटं. माझी एक संध्याकाळ त्यातच जाते आणि त्या दिवशी घरात खिचडी होते. हे 300 रुपयांत कुठे बसवणार?

पहिल्या वर्षी आम्हीही 200 ची मर्यादा ठेवली होती. मी हातभर उंचीची नऊवारीतली बाहुली केली, भरतकामाचे डोळे, नथ, सगळं. तीन आठवडे गेले. मला मिळाली बाजारातली किल्ल्यांची साखळी, वर रिबिनीचं फूल चिकटवलेलं. दोघीही नियमातच होतो! मला वाईट वाटलं हे खरं, पण जिने ती साखळी दिली तिला जास्त लागलं. माझी बाहुली डब्यातून निघताना तिचा चेहरा मी पाहिला. पुढचे तीन महिने ती आलीच नाही.

विषय निघालाच आहे म्हणून सांगते. 1924 च्या कायद्याने अमेरिकेने जपानी लोकांना आपलं दार बंद केलं, तेव्हा आलेली कटुता कमी व्हावी म्हणून 1927 साली अमेरिकेतल्या मुलांनी जपानी मुलांना 12 हजारांहून जास्त बाहुल्या पाठवल्या, 3 मार्चच्या बाहुल्यांच्या सणासाठी. जपानने उलट भेट पाठवली ती फक्त 58 बाहुल्यांची. पण त्या जवळजवळ 80 सेंटीमीटर उंच, निष्णात कारागिरांनी घडवलेल्या, किमोनो नेसलेल्या, आणि सोबत त्यांचं चिमुकलं सामानसुमान. आता यात कोणी जास्त दिलं, हे कशात मोजणार?

आम्ही डब्यात मोजतो. अर्धा किलो पेढ्यांचा रिकामा खोका. बाहुली त्यात आडवी मावली पाहिजे आणि झाकण बसलं पाहिजे. एवढ्या लहान पंजाला बोटं कोणी करत नाही, मूठ चालते, त्यामुळे नवखी आणि मुरलेली यांच्यातलं अंतर आपोआप कमी होतं. बटणं, मणी, डोळे विकतचे चालतात, अंग मात्र स्वतः शिवलेलं हवं. जिची बाहुली झाली नाही तिने चिठ्ठी उचलायची नाही, पण यायचं नक्की.

चिठ्ठ्या आधी काढू नका, त्याच दिवशी काढा. आपली भेट कोणाकडे जाणार हे कळलं की हात बदलतो. गटातल्या ज्येष्ठ बाईंसाठी जरीकाठ निघतो आणि कालपरवा आलेल्या मुलीसाठी उरलेली छीट.

आणि दिवाळी? कृपा करून नको. चकलीची भाजणी दळून आणायची असताना कोणाला सुचतंय बाहुलीच्या भुवया काढायला? आम्ही दुसऱ्या वर्षीपासून संक्रांतीला ठेवतो. वाण द्यायची सवय हाताला असतेच, आणि मोठा फायदा म्हणजे रथसप्तमीपर्यंत मुदत आपसूक मिळते. रखडलेल्यांना तोंड लपवावं लागत नाही. हळदीकुंकू असं नाव मात्र आम्ही मुद्दाम देत नाही. ते म्हटलं की कोणाला कुंकू लावायचं, कोणाला नाही हे आलंच, आणि आमच्यात दोघी एकट्या राहणाऱ्या आजी आहेत, एक निवृत्त काकाही आहेत. (काकांचा धावदोरा आमच्यापेक्षा सरळ असतो.) नुसतं ‘बाहुलीचं वाण’ म्हणतो, तिळगूळ सगळ्यांना.

फसलेल्या गोष्टीही सांगते, तुमचा वेळ वाचेल. बाहुली नीट बसावी म्हणून मी एकदा तिच्या बुडाशी तांदूळ भरले. पावसाळ्यात तिच्या परकरातून पोरकिडे चालत निघाले, तेही जिला दिली तिच्या पाहुण्यांसमोर. आता धुऊन कडक वाळवलेली वाळू घट्ट विणीच्या पुरचुंडीत शिवून घालते. एकीने काळ्या चंद्रकळेवर खऱ्या हलव्याचे दागिने घातले. काय देखणी दिसत होती! चौथ्या दिवशी मुंग्या. पांढरे मणी लावा, लांबून कळत नाही. आणि चेहरा जेल पेनने काढणार असाल तर त्याच कापडाच्या चिंधीवर आधी रेघ मारा, वाळू द्या, इस्त्री फिरवा, मग ओलं बोट लावून बघा. आमच्याकडच्या एका नवरीचं काजळ गालापर्यंत उतरलं होतं.

ती साखळीवाली परत आली, बरं का. डब्याचा नियम ठरल्यावर मीच फोन केला. गेल्या संक्रांतीला तिच्या बाहुलीचा अंबाडा इतका मोठा झाला की झाकण बसेना, तर तिने तिथेच बसून तो उसवला आणि वेणी घातली. चिठ्ठीत ती मलाच आली. माझ्या शिलाई मशीनवर बसलेली असते. दोन्ही पाय डावे आहेत.